डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सुटत नाही तेव्हा

शेवंती:

आमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. सांगलीजवळच्या गावात राहतात, अजून नऊवारी नेसतात. सासरे गेल्यावर त्यांची झोप पार उडाली. तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस सात-आठ वर्षं झाली तरी संपलेले नाहीत. मध्ये कधीतरी पाव मिलिग्रॅमची अर्धा मिलिग्रॅम झाली. मग दुपारी चारच्या सुमारास छातीत धडधड व्हायला लागली म्हणून दुपारची अजून एक सुरू झाली. चिठ्ठी तीच. घड्यांवर इतकी विरली आहे की मागून चिकटपट्टी लावली आहे, तरी दुकानात चालते.

मागच्या महिन्यात त्या दिरांकडे नागपूरला गेल्या आणि गोळ्यांची डबी इथेच राहिली. दुसऱ्या रात्रीपासून हात थरथरायला लागले, घामाने पदर ओला, डोळ्याला डोळा नाही, आणि बाहेर कुणीतरी बोलतंय असं सारखं म्हणायला लागल्या. घरच्यांना वाटलं हार्टचं काही आहे. रात्री दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला. तिथल्या ड्युटीवरच्या मुलीने मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "आजी, झोपेची गोळी घेता का? शेवटची कधी घेतलीत?" गोळी दिली आणि तासाभरात सगळं शांत झालं.

त्यानंतर घरात जे झालं, त्यासाठी हा धागा काढते आहे. दीर म्हणाले, "आईला गोळीचं व्यसन लागलंय, उद्यापासून बंद." सासूबाईंना ते इतकं लागलं की दोन दिवस जेवल्या नाहीत. "जन्मात तंबाखूला हात लावला नाही, आणि म्हातारपणी हे नाव लावून घ्यायचं?" असं म्हणून रडल्या. आता गोळी अर्धी तोडून कनवटीला लावून ठेवतात, कुणी काढून घेईल या भीतीने.

मला यातलं नीट समजून घ्यायचं आहे. हे व्यसन आहे का? एकदम बंद करायची की नाही? आणि नाही, तर मग कशी? इथे डॉक्टर आहेत, औषध दुकानवाले आहेत, या वाटेवरून गेलेलेही कुणी असतील. कृपया मोकळेपणाने लिहा.

रानवाटा:

धागा काढलात हे फार बरं केलंत. आमच्या घरी आत्याचं अगदी हेच आहे. वाचते आहे.

मानसवेध:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात प्रॅक्टिस करतो. शेवंतीताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. गोळी एकदम बंद करू नका. दिरांनाही हे आजच कळवा. इतकी वर्षं रोज अल्प्राझोलम घेणाऱ्या माणसाने ती तडकाफडकी थांबवली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि या वयात ते जिवावर बेतू शकतं. नागपूरला जे झालं ती त्याचीच सुरुवात होती. त्या ड्युटी डॉक्टरने अचूक ओळखलं.

आता हे होतं कसं ते सांगतो. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, मेंदूच्या पेशींची धावपळ आवरण्याचं काम त्याच्याकडे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी भावंडं, बेन्झोडायझेपिन गटातली. ती गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणून भीती ओसरते, स्नायू सैल पडतात, झोप लागते. पण रोज बाहेरून मदत मिळायला लागली की मेंदू त्या हिशेबाने स्वतःची मांडणी बदलतो. गाबाला दाद देणं कमी करतो आणि उत्तेजित करणारी बाजू वाढवून ठेवतो. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच मात्रा पुरत नाही. आणि गोळी अचानक काढून घेतली की आवरणारं कुणी नाही आणि उधळणारी बाजू जोरात, अशी अवस्था होते. थरथर, घाम, धडधड, आवाज-उजेड सहन न होणं, भास, आकडी हे सगळं त्यातून येतं.

तुमच्या सासूबाईंच्या दुपारी चारच्या धडधडीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. अल्प्राझोलम शरीरातून तशी लवकर निघून जाते, निम्मी व्हायला साधारण ११ तास. रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दुपारपर्यंत बरीच ओसरलेली असते. म्हणजे ती धडधड बहुधा पहिल्या गोळीची ओहोटी होती. तिच्यावर उपाय म्हणून दुसरी गोळी आली. असे पेशंट मी दर आठवड्याला बघतो, आणि त्यातल्या कुणालाच हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. क्लोनाझेपाम निम्मी व्हायला ३० ते ४० तास घेते, त्यामुळे तिची ओहोटी उशिरा आणि संथ येते. माणसाला वाटतं तीन दिवस गोळीशिवाय गेले, सुटलो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास सुरू होतो.

हे व्यसन आहे का? दोन गोष्टी वेगळ्या आहेत. औषध थांबलं की शरीराने बंड करणं हे अवलंबित्व. ते कुणालाही होतं, सज्जन-दुर्जन बघून होत नाही. सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी इमानदारीने गोळी घेणाऱ्यालाही होतं. व्यसनात याच्या पुढची गोष्ट असते. गोळीची ओढ लागते, मात्रेवर ताबा राहत नाही, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही, चार दुकानं फिरतो, खोटं बोलतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून सासूबाईंना अवलंबित्व आहे. कनवटीला गोळी लावणं ही ओढ नाही. नागपूरची ती रात्र पुन्हा येईल याची त्यांना भीती वाटते आहे.

आणि यात त्यांचा दोष शून्य. या गटातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आलं. १९६३ला डायझेपाम. त्याआधीच्या बार्बिच्युरेट गटातल्या झोपेच्या गोळ्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी माणूस दगावायचा, त्यामुळे ही नवी औषधं जगभर अगदी निर्धोक म्हणून वाटली गेली. ब्रिटनमध्ये १९८८ साली औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना स्पष्ट बजावलं की ही दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, अवलंबित्व आणि सोडतानाच्या त्रासाबद्दल चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला तो २०२० मध्ये. म्हणजे औषध आल्यावर साठ वर्षांनी! आपल्याकडे पंधरा दिवसांची चिठ्ठी आठ वर्षं चालते, कारण पंधराव्या दिवशी परत बोलावणारं कुणी नसतं.

गोळी कमी कशी करायची ते रात्री सवडीने लिहितो.

पेठेतला:

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून एक सांगतो. माझ्या वडिलांनी वीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडली. मनाचा निग्रह हवा. प्राणायाम, योगनिद्रा, रात्री गरम दूध घ्यायचं आणि गोळी डस्टबिनमध्ये टाकायची. चार दिवस त्रास होईल, पाचव्या दिवशी माणूस मोकळा. या गोळ्या हळूहळू सोडायच्या म्हणजे अजून वर्षभर घेतच राहायच्या.

मानसवेध:

पेठेतला, वडिलांच्या निग्रहाला नमस्कार. पण बिडी सोडताना चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप बिघडते. आकडी येत नाही. दारू आणि बेन्झोडायझेपिन या दोन गोष्टी एकदम सोडल्या तर आकडीची खरी भीती असते. प्राणायाम, योगनिद्रा जरूर करावी, मी स्वतः पेशंटना सुचवतो, पण सोबत म्हणून. "डस्टबिनमध्ये टाका" हा सल्ला वाचून एखाद्याने आज रात्री तसं केलं तर? म्हणून इतकं ठासून लिहितो आहे.

केमिस्ट_सातारा:

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते सांगतो.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही जपून द्यायच्या औषधांची सरकारी यादी लागू झाली. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही सगळी त्यात आहेत. पाकिटावर लाल चौकटीतली सूचना आणि लाल अक्षरातलं आरएक्स दिसलं की समजायचं. ही औषधं देताना आम्ही वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. २०१८ला ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. अल्प्राझोलम, डायझेपाम त्या कायद्यात आधीपासून आहेत.

कागदावर हे सगळं चोख आहे. दुकानात मात्र आजोबा उभे असतात. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, हातात तुमच्या सासूबाईंच्यासारखीच विरलेली चिठ्ठी. "डॉक्टर जिल्ह्याला गेलेत, आजची रात्र काढायची कशी?" नाही म्हटलं तर त्यांची रात्र खरंच वाईट जाणार हे मला माहीत असतं. हो म्हटलं तर नियम मोडतो आणि पुढचं वर्षही तसंच जातं. माझा मार्ग एवढाच की अशा वेळी मी स्वतः डॉक्टरांना फोन लावतो आणि पेशंटला चार दिवसांत दाखवायला पाठवतो. कंटाळवाणं काम आहे, पण बऱ्याच जणांची चिठ्ठी त्यामुळे नवी झाली आणि काहींची गोळी कमीसुद्धा झाली.

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ जोडगोळ्यांचा आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नैराश्यासाठी एस्सिटालोप्रामची गोळी असते. तिच्याच नावापुढे "प्लस" लागलं की बहुतेक वेळा आत क्लोनाझेपाम मिसळलेलं असतं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात, त्याच्या जोडीने अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम किंवा त्यांच्यासारखंच एटिझोलाम असलेल्या गोळ्या मिळतात. आणि पोटाच्या गोळ्या! मुरडा, गॅस, वारंवार संडासला लागणं यासाठी लिहून देतात त्यातल्या काहींत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, वर डॉक्टरांनी सांगितलेलं तेच १९६० सालचं औषध. पेशंट म्हणतो, "मी झोपेची गोळी घेत नाही हो, फक्त पोटाची घेतो." पोटाची बंद केली की आठवड्यात त्याची झोप जाते आणि त्याला कारणच कळत नाही. घरातल्या प्रत्येक स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं एकदा भिंगाने वाचा. कंपनीचं नाव बाजूला ठेवा, खाली घटक लिहिलेले असतात ते बघा. "पाम", "लम" किंवा "लाम" ने संपणारं नाव किंवा हे क्लोरडायझेपॉक्साइड दिसलं की डॉक्टरांना विचारा.

उत्तररात्र:

बऱ्याच वेळा लिहून खोडलं. आता पाठवतोच.

सासूबाईंचं अवलंबित्व होतं असं डॉक्टर म्हणाले. माझं व्यसन होतं. पुण्यात आयटीत आहे. मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालं आणि ट्रामाडॉल सुरू झालं. ते अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की पाठीबरोबर बाकीचंही दुखायचं थांबतंय. ऑफिसचा ताण, घरातली भांडणं, सगळं लांब कुठेतरी. पाठ तीन महिन्यांत बरी झाली. गोळी राहिली.

नंतर मी पाठ दुखते असं सांगून दोन वेगळ्या डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घ्यायचो. कोथरूडला एक दुकान, हडपसरला एक. बायकोला दिसू नयेत म्हणून गोळ्या लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात. सकाळी गोळी नसेल तर नाक गळायचं, जांभया, अंगावर काटा, पायात कळा, जुलाब. नंतर सेंटरला भेटलेल्या मुलांकडून कळलं की त्यांच्या भाषेत याला टर्की म्हणतात. ते ब्राउन शुगरवाले, मी मेडिकलच्या बिलवाला, टर्की तीच. एका रात्री डोस जास्त झाला आणि बाथरूममध्ये आकडी आली. ट्रामाडॉलच्या जास्त मात्रेने आकडी येते हे मला दवाखान्यात कळलं.

मग मुक्तांगण, पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ साली अनिल आणि अनिता अवचटांनी सुरू केलेलं, हे बहुतेकांना माहीत असेल. मला वाटायचं तिथे फक्त दारूवाले असतात. माझ्याच वॉर्डात खोकल्याच्या औषधाचा एक आणि झोपेच्या गोळ्यांचे दोन जण होते, त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक. माझी शारीरिक टर्की औषधांच्या मदतीने आठ-दहा दिवसांत उतरली. नंतरचं काम खरं अवघड होतं. पाठ न दुखताही मला गोळी का हवी होती, हे गटात सगळ्यांसमोर बसून बोलायचं. घरच्यांनाही बोलावतात. बायकोने तिथे पहिल्यांदा सांगितलं की तिला सगळं माहीत होतं, चार्जरच्या कप्प्यासकट.

आता काही वर्षं झाली. दात काढायचा असला तरी डॉक्टरांना आधी सांगतो की मला अफूवर्गातलं काही देऊ नका. सांगायला लाज वाटत नाही. शेवंतीताई, सासूबाईंना सांगा, गोळीसाठी लपवाछपवी करायची वेळ त्यांच्यावर आणू नका असं माझ्यासारख्या माणसाने तुमच्या दिरांना सांगितलंय. गोळी लपवायला लागली की माणूस एकटा पडतो, आणि ते एकटेपण मी पाहिलं आहे.

रानवाटा:

उत्तररात्र, लिहिलंत म्हणून खूप आभार. डोळ्यांत पाणी आलं.

ओहायोची_मधुरा:

मी इथे नर्स आहे. अमेरिकेत हे प्रकरण कुठल्या थराला गेलं ते रोज पाहते. १९९६ला ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाची गोळी बाजारात आली. हळूहळू शरीरात सुटते म्हणून व्यसनाचा धोका कमी, असं डॉक्टरांना सांगितलं गेलं. ती विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ आणि २०२० मध्ये, दोनदा, कोर्टात गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती. इथल्या ओहायोमध्ये तर फारच.

पण उलट बाजूही मी पाहिली आहे. घाबरून जाऊन डॉक्टरांनी वर्षानुवर्षांच्या पेशंटच्या गोळ्या एका फटक्यात बंद केल्या. ती माणसं तडफडली, काहींनी रस्त्यावरचं विष घेतलं, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला की अफूवर्गातली औषधं एकदम तोडू नका. म्हणून मानसवेध जे म्हणत आहेत त्याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि अफूवर्गातलं वेदनाशामक आणि झोपेची गोळी एकत्र घेऊ नका. दोन्ही श्वास मंद करतात. त्याबद्दलही इथे २०१६ पासून ठळक इशारा आहे.

इथे येणाऱ्या आई-बाबांसाठी एक उपयोगाचं सांगते. भारतात एटिझोलाम सर्रास लिहून देतात. अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूरच नाही, आणि २०२३ पासून सगळ्यात कडक यादीत टाकलं आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणाऱ्यांच्या सामानात ते असतं. इथे संपलं तर कुठलाच डॉक्टर लिहून देऊ शकत नाही, आणि मग नागपूरसारखी रात्र आमच्या इमर्जन्सीत येते, भाषेच्या अडचणीसह. तिकीट काढायच्या आधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्या. आयत्या वेळी नाही, दोन-तीन महिने आधी.

गिरणाकाठ:

मी नाशिक जिल्ह्यात शिक्षक आहे. इथे वयस्कर माणसांबद्दल चाललंय, मी पोरांबद्दल लिहितो. मालेगावात हीच अल्प्राझोलम "कुत्ता गोळी" म्हणून विकली जाते. संभाजीनगरकडे नायट्राझेपामला "बटन" म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलं चार-चार, सहा-सहा एकदम घेतात, कधी खोकल्याच्या औषधाबरोबर. भांडणं, चाकू, आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. ही गोळी स्मरण पुसते, म्हणून पोलिसांपुढे "मला आठवत नाही" म्हणणारा मुलगा कधी कधी खरंच बोलत असतो.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक, गुंगीच्या गोळ्या डॉक्टरी सल्ल्याबाहेर घेतात असं त्यात आहे, आणि संख्येच्या हिशेबात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत आहे. केमिस्टदादांच्या दुकानातल्या आजोबांची गोळी आणि माझ्या वर्गातल्या पोराची गोळी एकाच कारखान्यातली असते. आजीच्या डब्यातून नातवाने उचलल्याची उदाहरणं आमच्याकडे आहेत. घरात अशा गोळ्या असतील तर मोजून, कुलपात ठेवा.

मानसवेध:

कमी करण्याबद्दल. हे सगळं तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं आहे. मी फक्त रीत सांगतो, म्हणजे त्यांच्याशी बोलताना तुम्हाला प्रश्न विचारता येतील.

ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांच्या अनुभवाचा गाभा असा की गती पेशंटने ठरवायची. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०२५ची मार्गदर्शक तत्त्वंही दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवतात, आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हणतात.

हे सासूबाईंच्या बाबतीत लावून बघू. दुपारची आणि रात्रीची मिळून त्यांचा रोजचा डोस साधारण १ मि.ग्रॅ. दिसतो. बाजारातली सगळ्यात लहान गोळी ०.२५ची, तिची अर्धी म्हणजे ०.१२५. पहिली कपात अर्ध्या गोळीची केली तर ती साडेबारा टक्के झाली. सुरुवातीला चालून जाते. पण डोस ०.२५वर आला की तीच अर्धी गोळी ५० टक्के होते! म्हणून लोक शेवटच्या टप्प्यात कोसळतात आणि घरचे म्हणतात, एवढ्याशा तुकड्याने काय होतं. त्या तुकड्यानेच होतं. अशा वेळी काही पेशंटना आम्ही डायझेपामवर आणतो, ते शरीरात खूप दिवस राहतं आणि लहान मात्रेत तोडता येतं. पण वय ७१, लिव्हर कसं आहे, तोल जातो का, हे बघूनच. वयस्कर माणसांत डायझेपाम साठत जातं आणि पडण्याची भीती वाढते. या वयात खुब्याचं हाड मोडलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. तुमचे डॉक्टर दुसरा मार्ग निवडतील, तोही बरोबर असू शकतो.

मधल्या काळात एखादा आठवडा वाईट जाईल. तेव्हा आहे त्या मात्रेवर थांबायचं. वाढवायची नाही, पुढची कपात लांबवायची. लग्नकार्य, आजारपण, प्रवास असेल त्या महिन्यात कपात नको. पूर्ण व्हायला सहा महिने लागतील, वर्षही लागेल. आणि काही पेशंटमध्ये निम्म्यावर आणून तिथेच स्थिर राहायचं ठरवतो. तेही अपयश नाही.

झोपेचं काय? निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, वागणुकीवर आधारित उपचार आहे. त्यातली सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे उठायची वेळ रोज ठरलेली, रात्र कशीही गेली तरी. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बाहेर बसायचं आणि पापण्या जड झाल्यावरच परत जायचं. दुपारची झोप टाळायची. रात्री आठला अंथरूण टाकून पहाटे तीनला जाग आली तर सात तास झालेले असतात, तो निद्रानाश नव्हे. गावाकडे हे फार वेळा आढळतं.

अजून एक, कारण दुसऱ्या टोकाची चूकही मी बघतो. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांची ओढ लागत नाही. त्याही एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून हळूहळू बंद करतात, एवढंच. हा धागा वाचून कुणी "मनाच्या सगळ्याच गोळ्या वाईट" म्हणून त्या सोडू नका. आणि फीटचे पेशंट क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम घेत असतील तर त्यांनी यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये.

पेठेतला:

डॉक्टर, शेवटच्या तुकड्याचा हिशेब वाचला आणि पटलं. मेव्हणी क्लोनाझेपाम घेते, तिला मी हेच सांगणार होतो की टाकून दे. आता नाही सांगणार, हा धागा पाठवतो.

शेवंती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दिरांना पूर्ण धागा फोनवर वाचून दाखवला. उत्तररात्र यांचा प्रतिसाद ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आईला फोन दे. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण आज सकाळी सासूबाईंनी डबी फडताळात ठेवली.

पुढच्या मंगळवारी मिरजेला मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. सासूबाईंची अट एकच, गोळी कधी कमी करायची ते आधी त्यांना सांगायचं, गुपचूप काही करायचं नाही. मला ती अगदी योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र कालच कळली. सासरे रात्री दोनच्या सुमारास गेले, आणि घरात तेव्हा या एकट्याच होत्या. दोन वाजायच्या आत गाढ झोपून जायचं, एवढ्यासाठीच त्या गोळी घेत आल्या आहेत. हे त्यांनी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मानसवेध, हे तिथे सांगावं ना?

मानसवेध:

नक्की सांगा, सगळ्यात आधी सांगा. त्या दोनच्या भीतीवर बोलून उपचार होऊ शकतो, आणि तो कपातीच्या आधी सुरू झाला तर फार फरक पडेल. कपातीच्या काळात रात्री खोलीत कुणीतरी सोबत झोपा.

रानवाटा:

मी केमिस्टदादांचं ऐकून आत्याची पोटाची गोळी बघितली. मागे क्लोरडायझेपॉक्साइड ५ मि.ग्रॅ. लिहिलंय. ती दिवसातून तीनदा घेते, वर रात्री झोपेची वेगळी. आमच्या गावात मनोविकारतज्ज्ञ नाहीत. कुणाला विचारायचं?

केमिस्ट_सातारा:

दोन्ही स्ट्रिपचे मागून फोटो काढा आणि ज्यांनी लिहून दिल्या त्या दोन्ही डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा एकाने लिहिलेलं दुसऱ्याला माहीतच नसतं. तोपर्यंत आहे तसं चालू ठेवा, एकही वगळू नका.

मानसवेध:

आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनाचाच प्रश्न असेल तर १४४४६. आत्यांना चक्कर येते का, रात्री उठताना तोल जातो का, हे आजच विचारा आणि हो असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दाखवा.

रानवाटा:

तोल जातो. दिवाळीत पडली होती, आम्हाला वाटलं फरशी ओली होती. उद्याच नेते.